शेऱ्याचा रकाना

रूबी निकोलसची दहावी गैरहजेरी सोमवारी सकाळी लागली, आणि ती लावली इलाने. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या प्राथमिक शाळेत दाराशीच ऑफिस होतं, ऑफिसला सरकत्या काचेची खिडकी होती, आणि त्या खिडकीमागे बसून साडेसहाशे मुलांची हजेरी सांभाळणं हे इला पेंडसेचं काम होतं. सहा वर्षं ती हे काम इमानेइतबारे करत होती. पण त्या सोमवारी रूबीच्या नावापुढे ‘गैरहजर’ टाकताना तिने आधीचे दिवस पुन्हा एकदा मोजून पाहिले.

दहा हा आकडाच वाईट. मूल विनाकारण तीन दिवस बुडालं की घरी एक पत्र जायचं. सहा दिवस झाले की दुसरं, जरा चढ्या आवाजातलं. दहा झाले की तिसरं जायचं, आणि मग शाळेने मनात आणलं तर प्रकरण काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसकडे. तिकडून क्लिपबोर्ड घेऊन एक बाई घरी येणार, फ्रिज उघडून बघणार, मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन प्रश्न विचारणार. बहुतेक घरांत हे प्रकरण चार उपदेशांवर मिटतं. निकोलसांच्या घरात ते तसं मिटणार नव्हतं. अशी बाई दारात दिसली की ती मंडळी त्याच दुपारी गाडीत सामान भरतील आणि दुसऱ्या राज्यात निघून जातील. आणि नऊ वर्षांची रूबी पुन्हा कुठल्या शाळेची पायरी चढणार नाही. इलाला याची इतकी खात्री होती की तिला दुपारचा डबा गेला नाही.

सप्टेंबरमध्ये रूबी तिसरीत दाखल झाली तेव्हा स्वतःचं नाव सोडलं तर तिला काहीही वाचता येत नव्हतं. तिच्या आईलाही येत नव्हतं, आजीलाही नाही. वडील गाड्यांचे डेंट काढायचे, आज या गावात तर पुढच्या महिन्यात त्या. रूबी रोज पाच-दहा मिनिटं उशिरा यायची, त्यामुळे तिला खिडकीवर येऊन उशिराची चिठ्ठी घ्यावी लागायची. काचेवर आतल्या बाजूने त्या आठवड्याच्या जेवणाचा मेन्यू चिकटवलेला असे. इला चिठ्ठी छापेपर्यंत रूबी त्या कागदाकडे अशी बघत राहायची, जणू तिथे तिच्याच घरचा पत्ता लिहिलाय आणि कुणी तिला सांगत नाहीये.

“तुमचं मूळ कुठलं गं?” इलाने एकदा सहज विचारलं होतं.

“ग्रीक,” रूबी म्हणाली. इतक्या झटपट, की इलाला गंमत वाटली.

पुढच्याच आठवड्यात ती टाचा उंचावून काचेच्या फटीपाशी आली आणि कुजबुजली, “आम्ही खरं तर ग्रीक नाही. आम्ही रोम. लोक जिप्सी म्हणतात. ममा म्हणते, शाळेत ग्रीक सांगायचं. तू कुणाला सांगू नकोस हं.”

इलाने चटकन मागे वळून ऑफिसात कुणी ऐकलं नाही ना ते पाहिलं. कारण इलासुद्धा ग्रीकच होती.

म्हणजे माहेरची जाधव. जाधव म्हटलं की लोक आपणहून समजायचे ते समजून घ्यायचे, आणि इलाने कधी कुणाची चूक सुधारली नव्हती. तिचे वडील जगन्नाथ, म्हणजे आप्पा, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले, तारेच्या कुंपणाच्या आत. इंग्रज सरकारने त्यांच्या कैकाडी जमातीसकट कितीतरी भटक्या जमाती जन्मापासूनच गुन्हेगार म्हणून रजिस्टरात लिहून टाकल्या होत्या. नाव लिहिलेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पासाशिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी त्या तारा निघाल्या. आप्पा शिकले ते विमुक्त जातीच्या दाखल्यावर. फी माफ, वसतिगृह, स्कॉलरशिप, सगळं त्या एका दाखल्याने दिलं. मग ते मास्तर झाले आणि त्यांनी घरात नियम घालून दिला: फॉर्मवर जात ठळक लिहायची, लाजायचं नाही, कारण सवलत त्यावरच मिळते. आणि तोंडाने मात्र कुठे बोलायचं नाही.

हा नियम इलाच्या इतका अंगवळणी पडला होता की तो इथेही तिच्यासोबत विमानातून आला. श्रीरंगला तिने लग्नाआधी सांगितलं होतं. तो भला माणूस, क्षणभरही थबकला नाही. फक्त म्हणाला, “आईला सांगायची काही गरज नाही.” एकोणीस वर्षं झाली, गरज काही पडली नव्हती. मुलगी सावनी आता हायस्कुलात होती, तिलाही सोलापूरचं माहेर म्हणजे शेंगाचटणी आणि चादरी एवढंच माहीत होतं.

तर रूबीने ते गुपित सांगितलं त्या दिवशी इलाने काय केलं? तिला पाझर फुटला, आणि पाझर फुटल्यावर तिने तेच केलं जे आप्पांनी शिकवलं होतं. शाळेच्या सिस्टिममध्ये प्रत्येक मुलाच्या नावाखाली शेऱ्याचा एक रकाना असतो. तो उघडून तिने लिहिलं: “कुटुंब जिप्सी आहे, फिरतं असतं. घरात कुणाला वाचता येत नाही. मुलीला वाचनासाठी जादा मदत द्यावी.” कागदावर लिहिलं की सवलत मिळते, एवढंच तिला ठाऊक होतं.

आणि मिळालीही! पंधरा दिवसांत रूबीला रोज अर्धा तास वाचनाच्या खास शिक्षिकेकडे पाठवायला लागले. दिवाळीच्या सुमाराला तिने काचेवरचा पहिला शब्द फोडला, ‘मिल्क’. नाताळापर्यंत ती अख्खा मंगळवार वाचायला लागली. आता रोज सकाळी खिडकीवर आली की बोट लावून इलाला दिवसाचा मेन्यू वाचून दाखवायची, एखाद्या वाढप्याच्या रुबाबात. इलाला त्या दोन मिनिटांसाठी कामावर यावंसं वाटायचं.

फेब्रुवारीत रूबीचे आजोबा जॉर्जिया राज्यात हॉस्पिटलमध्ये पडले. सगळं गणगोत तिकडे धावलं, रूबीचे तीन दिवस बुडाले. पहिलं पत्र गेलं, खाली सही इलाची. मग आजोबा वारले. चार दिवस, पण ते घरच्या मृत्यूचे, म्हणून माफ. मग नवव्या दिवसाला पुन्हा तीन दिवस. जॉर्जियातल्या मावशीने लिहून दिलेल्या चिठ्ठीत पुन्हा तेच, “आजोबांचं कार्य.” दुसरं पत्र गेलं. आणि आता सहा आठवड्यांनी पुन्हा चार दिवस.

मंगळवारी रूबी आली. बॅगेवर पाइनच्या झाडांची पिवळी परागपूड बसलेली, त्या दिवसांत कॅरीत सगळ्यांच्याच गाड्यांवर, बाकांवर, केसांवर असते तशी. तिने चिठ्ठी फटीतून आत सरकवली. नेमके तेव्हाच असिस्टंट प्रिन्सिपल हॉलिस कॉफीचा मग घेऊन इलाच्या मागे उभे होते. त्यांनी चिठ्ठी उचलून वाचली, रूबी वर्गाकडे वळेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, “हे आजोबा आणखी किती वेळा मरणार आहेत?”

ऑफिसातल्या दोघीजणी हसल्या. इलाही हसली. हसू तोंडावर आलं तेव्हाच तिला स्वतःची किळस आली, पण आलेलं हसू परत घेता येत नाही.

दुपारी ती प्रिंटरवरून पत्रं उचलायला गेली तर वरच काउंटीला पाठवायचा फॉर्म होता. हॉलिस माणूस वाईट नव्हता. कामाला चोख होता, आणि चोख माणसाची इलाला जास्त भीती वाटायची. त्यांनी शेऱ्याचा रकाना उघडून पाहिला होता. फॉर्मवर लिहिलं होतं: “कुटुंब जिप्सी असल्याची शाळेच्या दप्तरी नोंद. कारणं खोटी दिली जातात. पळून जाण्याची शक्यता. पूर्वसूचना न देता भेट द्यावी. गुरुवार.”

‘दप्तरी नोंद’. इला तो कागद हातात धरून प्रिंटरपाशी उभीच राहिली. नोंद तिचीच होती. तिने लिहिलेल्या तीन वाक्यांतली मदतीची दोन गळून पडली होती आणि एक तेवढं उरलं होतं.

बुधवारी सकाळी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावून तिने सोलापूरला फोन केला. तिथे संध्याकाळ होती. आप्पा ओसरीवर बसलेले, मागे कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने चाललेला.

तिने सगळं सांगितलं. आप्पांनी कुणाला तरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं.

“तू लिहिलंस?” मग त्यांनी विचारलं.

“मदत मिळावी म्हणून लिहिलं हो आप्पा. तुम्हीच नाही का सांगायचात, कागदावर लिहायचं म्हणून!”

“मी स्वतःचं लिहायला सांगितलं होतं, पोरी. आपल्या हाताने, आपल्या फायद्यासाठी.” त्यांना धाप लागली होती. “दुसऱ्याने आपल्याबद्दल लिहिलेलं कसं असतं ते तू बघितलं नाहीस. माझ्या आईचं लिहिलेलं होतं. तारा निघाल्या, कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की फौजदार आधी आमच्या दारात. आई मला पोत्याखाली झाकायची. मी दहा वर्षांचा होईपर्यंत बुटांचा आवाज आला की चड्डीत मुतायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.”

“नाही.”

“आता ती पोरगी कुठाय?”

“येईल आता. उशिरा येते रोज.”

“मग जा,” आप्पा म्हणाले, “फोनवर काय बसलीस.”

इलाला त्यांनी धीर द्यायला हवा होता. तो काही मिळाला नाही. उलट आता तिच्या डोळ्यांपुढे पोत्याखालचं एक मूल आलं, आणि त्याला रूबीचा चेहरा होता.

ती सरळ नैनाकडे गेली. नैना शाळेची काउन्सेलर, जन्मली-वाढली इथेच. तिची आई वीणा म्हणजे मराठी मंडळाची सेक्रेटरी, जिच्या कानावर गेलेली गोष्ट शेजारच्या रॅलीपासून डरहॅमपर्यंत सगळीकडे दुपारच्या चहाआधी पोचायची. म्हणूनच इला नैनाशी शाळेत कामापुरतंच बोलायची.

“इला काकू, यू लुक टेरिबल. बसा ना,” नैना म्हणाली. इलाने फॉर्मचं सांगितलं. आजोबांच्या कार्यांचंही सांगितलं. रूबीने टप्प्याटप्प्याने खिडकीवर सांगितलेलं तिने जुळवलं होतं: तिसऱ्या दिवशी जेवण, नवव्याला, सहा आठवड्यांनी, आणि मग वर्षाने. मोठं पान वाढायचं, मेलेल्यासाठी जागा ठेवायची, आणि सगळं गणगोत हजर पाहिजे, नाहीतर त्याला शांती नाही.

“ओह माय गॉड,” नैना म्हणाली. “म्हणजे आपलं दहावा-तेरावा! माझ्या आजोबांच्या वेळी बाबा वर्षभर काही ना काही करत होते. कुणी खोटं नाही बोललं यार. सगळे ट्रूथच सांगतायत.”

दोघी हॉलिसकडे गेल्या. इलाने समजावून सांगितलं, आवाज शक्य तितका ऑफिसातला ठेवून. आमच्याकडेही असं असतं, ती म्हणाली. ‘आमच्याकडे’ म्हणजे भारतात, हिंदूंत, सगळ्यांत. हे म्हणायला काहीच लागत नव्हतं, कारण त्यात ती कुठेच नव्हती.

हॉलिसनी ऐकून घेतलं. “बरं. पण माझा या लोकांशी आधीच्या शाळेत संबंध आलाय. बोलावलं की येत नाहीत. पत्र पाठवलं की पत्ता बदलतात.”

“पण काउंटीकडे रेफरल करण्याआधी पालकांशी मीटिंग व्हायला हवी,” नैना म्हणाली, “तसा नियम आहे.”

“मग होऊ दे. आई उद्या सकाळी दहाच्या आत इथे येऊन हजेरीच्या प्लॅनवर सही करून गेली तर मी फॉर्म फाडतो. नाही आली तर दहा वाजता तो जाईल.”

रूबीच्या घरी शाळेचा फोन कुणी उचलायचं नाही. पत्रांचं काय होत असेल, हे सांगायला नको. मग इलाने एका कागदावर मोठ्या अक्षरांत, रूबीला फोडता येतील एवढेच शब्द वापरून लिहिलं: “ममा, उद्या नऊ वाजता शाळेत ये. भिऊ नको. रूबीला कोणी नेणार नाही.” शाळा सुटताना तिने तो रूबीच्या हातात दिला.

रूबीने तिथेच वाचला. ‘नेणार’पाशी तिचं बोट थांबलं. “मला कोण नेणार आहे?” तिने विचारलं.

“कुणी नाही. म्हणूनच तसं लिहिलंय.”

रूबीने कागदाची घडी घालून बुटात ठेवली. ती मागे वळून बघत बघत गेली, आणि तसं ती कधी करत नसे.

त्यानंतरचे तास इलाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. वरणाला फोडणी घालायची ती विसरली. श्रीरंगने कारण विचारलं, तिने सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “तू तुझ्याकडून केलंस ना सगळं.” ते ऐकून तिला त्याचा राग आला, कारण सगळं केलेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

गुरुवारी नऊ वाजले. सव्वानऊ झाले. नऊ चाळीसला हॉलिस बाहेर येऊन घड्याळाकडे बघून गेले. रूबीही वर्गात नव्हती. गेली मंडळी, तिला वाटलं, माझीच चिठ्ठी वाचून गेली. ‘भिऊ नको’ असं कुणी आधीच लिहून पाठवलं तर कोण भिणार नाही?

नऊ सत्तेचाळीसला काचेचं दार उघडलं आणि पायघोळ स्कर्ट घातलेली एक उंच बाई आत आली. ही रूबीची आई, लोला. तिच्या हातात रूबीचा हात इतका घट्ट होता की पोरीची बोटं पांढरी पडली होती.

हॉलिसच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या. लोला खुर्चीच्या कडेवर बसली, दाराकडे तोंड करून. हॉलिसनी प्लॅन पुढे सरकवला. तिने तो हातही न लावता परत सरकवला.

“आधी फाइल,” ती म्हणाली.

“कुठली फाइल?”

“माझ्या पोरीबद्दल तुम्ही लिहून ठेवलेलं. आईला बघायचा हक्क असतो. माझ्या नणंदेने सांगितलंय. बघितल्याशिवाय मी कशावर सही करत नाही.”

हक्क होता. हॉलिसनी कॉम्प्युटरवरून दोन पानं छापली आणि टेबलावर ठेवली. इलाला वाटलं, आपण आता उठावं आणि काहीतरी निमित्त काढून खिडकीपाशी जावं. पण ती खुर्चीतच बसून राहिली.

“मी वाचून दाखवू का?” नैनाने विचारलं.

“नको.” लोलाने कागद रूबीपुढे ठेवला. “हिला येतं.”

त्या दोन शब्दांत केवढा अभिमान होता! खोलीतल्या कुणाच्याही वाचनावर विश्वास नसलेल्या त्या बाईचा एकाच वाचणारीवर विश्वास होता, आणि ती नऊ वर्षांची होती. रूबी सरळ बसली, बोट लावलं आणि मेन्यू वाचायच्या त्याच ठसक्यात सुरू झाली. नाव. जन्मतारीख. इयत्ता. पत्ता. वाचन, प्रगती चांगली. इथे ती आईकडे बघून हसली. मग बोट खाली सरकलं.

“कु-टुंब,” तिने वाचलं. “कुटुंब जि…”

बोट थांबलं. तो शब्द तिला येत नव्हता असं नाही. तिने तो मनात वाचला होता, हे तिच्या मानेवर चढत गेलेल्या लालीवरून सगळ्यांना दिसलं.

“वाच,” लोला म्हणाली.

“कुटुंब जिप्सी आहे. फिरतं असतं. घरात कुणाला वाचता येत नाही.”

लोलाचा चेहरा हलला नाही. फक्त तिने स्कर्टचा घोळ मुठीत गोळा केला, उठायच्या आधी बायका करतात तसा. “हे कुणी लिहिलं?”

शेऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिणाऱ्याचं नाव येतं. ‘आय. पेंडसे.’ रूबीचं बोट त्यावरच होतं. हेच नाव ती सहा महिने रोज सकाळी खिडकीवरच्या पाटीवर बघत आली होती. आणि शाळेत हे गुपित तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. तिने मान वर करून इलाकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर इलाने सोसली असती. तिच्यात नुसती भीती होती, आणि ती इलाबद्दलची होती. आता हिला शिक्षा होणार, असं त्या पोरीला वाटत होतं.

“इथे नाव नाहीये, ममा,” रूबी म्हणाली.

हॉलिस आपल्या पेनाकडे बघत राहिले. नैनाला ते नाव उलटं का होईना दिसत होतं, तीही गप्प राहिली. आणि इलाला, खरं सांगायचं तर, आधी हायसं वाटलं. सुटलो, असंच तिच्या मनात आलं. मग तिने रूबीचं बोट पाहिलं. ते अजून त्या नावावर दाबून धरलेलं होतं, झाकण घातल्यासारखं. पोरीला वाचायला येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ती आपल्यासाठी खोटं वाचायला शिकली.

“आहे नाव,” इला म्हणाली. “माझं आहे. मी लिहिलं.”

लोला तिच्याकडे वळली.

“तिने मला विश्वासाने सांगितलं होतं. मला वाटलं, लिहिलं की मदत मिळेल. आमच्याकडे तशी मिळते.” आणि या वेळी ‘आमच्याकडे’ म्हटल्यावर ती थांबली नाही. “माझे वडील कुंपणात जन्मले. आमची जमात टोपल्या विणत गावोगाव फिरायची. सरकारने आम्हाला चोर म्हणून वहीत लिहिलं होतं, जन्मलेल्या पोरासकट. माझ्या आजीला रोज हजेरी द्यावी लागायची. मी हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीलासुद्धा नाही.”

नैनाचे डोळे तिच्यावर खिळलेत, हे इलाला न बघताही कळत होतं.

लोलाने तिला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. “म्हणजे तुला माहीत होतं,” ती सावकाश म्हणाली. “त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.” तिने हॉलिसकडे हनुवटी वळवली. “तुला माहीत होतं.”

इलाने मान डोलावली.

लोला उठली नाही. तिने प्लॅन रूबीपुढे ओढला आणि तिच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. पुढच्या वर्षी वर्षाचं जेवण आहे तेव्हा चार दिवस लागतील, ते आत्ताच लिहा, म्हणाली. हॉलिसनी लिहिलं. कान लाल झालेल्या त्या माणसाने काउंटीचा फॉर्म तिच्यासमोर फाडला. लोलाने सहीच्या जागी आपलं नाव काढलं, इंग्रजी चार अक्षरं, एकेक सुटं. ते तिला रूबीने शिकवलं असावं.

“ते वाक्य पुसा,” ती जाताना म्हणाली.

“पुसता येत नाही,” इला म्हणाली. “सिस्टिम पुसू देत नाही. तुम्ही लेखी अर्ज दिलात तर जिल्हा कार्यालय विचार करेल. अर्ज मी लिहून देते.”

“तू नको,” लोला म्हणाली. “रूबी लिहील.” दारात थांबून तिने आणखी एक वाक्य टाकलं, “ही शाळेत येईल. वेळेवर येईल. तुझ्या खिडकीवर येणार नाही.”

त्या गेल्यावर नैना इलाजवळ आली. तिने इलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “इला काकू, डोन्ट वरी. मी आईला काही सांगणार नाही.”

जवळजवळ तेच वाक्य, श्रीरंगचं एकोणीस वर्षांपूर्वीचं, प्रेमानेच म्हटलेलं. शनिवारी मंडळाचा पाडवा होता. वीणा पुरणपोळ्यांच्या टेबलामागे उभी असणार आणि सगळी मंडळी असणार, हे इलाला डोळ्यांसमोर दिसलं.

“सांगितलंस तरी चालेल,” ती म्हणाली. “पण थांब. आज आधी मी सावनीला सांगते.”

सोमवारी सकाळी इला वेळेआधी येऊन बसली. काचेवर नवा मेन्यू चिकटवला. पहिली घंटा व्हायला चार मिनिटं असताना दार उघडलं आणि रूबी आत आली, केस ओले, वेणी घट्ट. वेळेवर आलेल्या मुलाला चिठ्ठी लागत नाही. ती खिडकीसमोरून सरळ पुढे चालत गेली, पलीकडच्या भिंतीच्या कडेकडेने, इलाकडे न बघता. फक्त मेन्यूसमोरून जाताना तिची मान जराशी वळली आणि ओठ हलले. काय वाचलं ते इलाला ऐकू आलं नाही.

साडेनऊला वर्गाची हजेरी स्क्रीनवर आली. रूबी निकोलस, हजर. इलाने ते तपासून पुढे पाठवलं. खाली शेऱ्याचा रकाना उघडा होता, आणि त्यात तिचं वाक्य अजून जसंच्या तसं होतं, खाली तिच्या नावासकट.